नीलगंगेचं विधेयक

भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात तेरणेकाठच्या चिंचसांगवीत जो कोणी येई, तो आधी एकच विचारी, काय पाहिजे? पत्रे, भांडी, सतरंज्या, चादरी. लोकांनी मागितलं तेही घेतलं आणि न मागता आलं तेही घेतलं. शिवप्पा हत्तरग्याची बायको मल्लम्मा मात्र कुणापुढं हात पसरायची नाही. प्लास्टर निघालेला पाय लांब करून ती पत्र्याच्या शेडच्या दाराशी बसायची आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीत मान वाकवून बघायची.

नांदेडचे वकील दत्तोपंत देगलूरकर असेच एका दुपारी आले. साठीला टेकलेला माणूस, आवाज हळू, चष्म्याच्या काचा धुळीनं पांढऱ्या झालेल्या. नुकतेच ते राज्यसभेवर निवडून गेले होते. त्यांनीही तेच विचारलं.

"मला काय बी नको," मल्लम्मा म्हणाली. "माजी पोरगी गाडीत घालून नेलीय. कुटं नेली तेवढं सांगा."

दत्तोपंतांनी शेडच्या सावलीत पडलेला एक दगड ओढला आणि त्यावर बसले. मग तिनं सगळं सांगितलं.

पहाटे घर खाली आलं तेव्हा मल्लम्माच्या पायावर तुळई पडली होती. शिवप्पा बैलांच्या राखणीला शेतात झोपायला गेला होता, म्हणून वाचला. चार वर्षांची नीलगंगा बाजेखाली सापडली. उजव्या भुवईच्या वर खोक पडलेली, पण डोळे उघडे, आणि तोंडानं आईच्या नावानं 'अव्वा, अव्वा' चाललेलं. शेजारच्या धोंडाबाईनं तिला ओढून बाहेर काढलं. तेवढ्यात कुठूनशी एक पांढरी जीप आली. जखमींना घेत होती. धोंडाबाईनं नीलाला आणखी दोन लेकरांसोबत त्या जीपमध्ये ठेवलं आणि ती मल्लम्माचा पाय सोडवायला माघारी वळली. जीप गेली. मागून पावसानं झोडपायला सुरुवात केली.

कुणी म्हणालं जीप सोलापूरची होती, कुणी म्हणालं उमरग्याची, कुणी म्हणालं पुण्याच्या कुठल्याशा संस्थेची. मल्लम्मा लातूरच्या दवाखान्यात पडून असताना शिवप्पा सगळीकडं फिरला. नंतर कुबडी घेऊन तीही फिरली. सगळीकडं एकच उत्तर मिळालं. लेकरं लई आली होती बाई, कुणाचं नाव कुणी लिहायचं?

"साहेबलोक येतेत आन् इचारतेत, मयत का बेपत्ता?" मल्लम्मा म्हणाली. "मी म्हनते, नेली. तर म्हनतेत, तसा रकाना न्हाई."

दत्तोपंत रुमालानं चष्म्याच्या काचा पुसू लागले.

"देवणीच्या बाजारात आमी खोंड इकला, तर त्याच्या शिंगाचा, रंगाचा, सगळ्याचा दाखला लिवून देतेत. कुणी घेतला, कोन्या गावाला नेला, समदं लिवतेत. माजी पोरगी नेली त्याचा कागुद न्हाई. जनावराच्या खाली गेलं का वो लेकरू?"

शिवप्पा शेडमागं बैलांना पाणी दाखवत होता. त्याला हे सगळं ऐकू येत होतं, पण तो पुढं आला नाही. त्याच्या मनानं पोरगी गेली होती. जीप वाटेत कुठं पालथी झाली असेल, नाहीतर पोरगी कुठल्याशा दवाखान्यात गेली असेल आणि सगळ्यांबरोबर तिलाही अग्नी दिला असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं. त्यांच्या लिंगायतांत मढं मातीत ठेवतात. लेकराला माती मिळाली नाही, ही त्याची सल होती. शेतात आपल्या आईच्या समाधीजवळ त्यानं एक लहानसा खड्डा खणला होता. ढिगाऱ्यात सापडलेलं पोरीचं परकर-पोलकं त्यात ठेवायचं आणि विभूती लावून मोकळं व्हायचं, असा त्याचा विचार होता. मल्लम्मानं कुबडीवर तिथवर जाऊन तो हातानं बुजवला होता. "जित्या पोरीला मातीत घालता का?" एवढंच ती म्हणाली होती. त्या दिवसापासून शिवप्पानं पोरीचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

*

पावसाळ्यात दत्तोपंतांनी मल्लम्माला नांदेडला बोलावून घेतलं. अहमदपूर, लोह्याच्या वाटेनं एस.टी.नं ती पोचली, तेव्हा त्यांच्या पत्नी इंदूबाईंनी आधी तिला जेवायला वाढलं. मग दत्तोपंतांनी टाइप केलेले कागद तिच्यासमोर ठेवले आणि वाचून दाखवले. कुठंही संकट कोसळलं, तर आईबापांपासून सुटलेल्या प्रत्येक लेकराचं नाव, गाव, अंगावरच्या खुणा आणि फोटो यांची जागेवर नोंद झाली पाहिजे. नोंदीशिवाय एकही लेकरू जिल्ह्याबाहेर जाता कामा नये. आणि नेणाऱ्यानं आपलं नाव, पत्ता लिहून दिला पाहिजे.

"हे झालं म्हंजे पोलिस हुडकायला जातील?" मल्लम्मानं विचारलं.

"हे अजून झालेलं नाही, बाई. हे विधेयक आहे. कायदा व्हायला अजून पुष्कळ वाट आहे."

"मंग कवा व्हईल?"

दत्तोपंतांनी चष्मा काढला. "सरकारचं विधेयक म्हणजे एस.टी. बस. तिची वेळ ठरलेली, थांबा ठरलेला. मी सरकारात नाही, नुसता सदस्य आहे. माझं विधेयक म्हणजे रस्त्याच्या कडेला हात करून उभं राहायचं. आमच्यासाठी शुक्रवारची दुपार ठेवलेली आहे. तीही एक शुक्रवार आड. आधी नोटीस द्यायची. मग मी उभा राहून म्हणणार, मांडायची परवानगी द्या. ती देतात. पण मांडणाऱ्यांची एवढी गर्दी असते, की चर्चा कुणाच्या विधेयकावर करायची यासाठी चिठ्ठ्या टाकतात."

"जत्रंत टाकतेत तशा?"

"तशाच."

मल्लम्माला ते खरं वाटेना. एवढी मोठी दिल्ली, आणि तिथंही चिठ्ठ्या. पण या माणसानं तिचं म्हणणं टाइप करून घेतलं होतं, आणि तेवढं आजवर कुणीच केलं नव्हतं. तिनं त्या कागदावर हात फिरवला.

"ह्यात नीलाचं नाव हाय का?"

"कायद्यात कुणा एकाचं नाव घालता येत नाही," दत्तोपंत म्हणाले. "पण चर्चा झाली तर मी घेईन."

त्या हिवाळ्यात विधेयक मांडलं गेलं. दत्तोपंत एक वाक्य बोलले, सभागृहानं 'हो' म्हटलं आणि काम संपलं. त्यानंतर प्रत्येक अधिवेशनाआधी चिठ्ठ्या पडत आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच कुणाची निघे. मल्लम्मा नांदेडला फोन करायची. इंदूबाई उचलायच्या आणि "या खेपेला नाही गं" म्हणायच्या. सांगताना त्यांचाच आवाज पडायचा.

मग दोन हजार साली उन्हाळ्यात दत्तोपंतांची मुदत संपली. सदस्य गेला की त्याचं विधेयकही यादीतून जातं, हे मल्लम्माला तेव्हा कळलं. ती हबकूनच गेली. "म्हंजे सहा वर्सं उभं राहिलो, आन् आता रांगच मोडली?" नशिबानं पक्षानं दत्तोपंतांना पुन्हा पाठवलं. त्यांनी तोच मसुदा पुन्हा टाइप करून घेतला, पुन्हा नोटीस दिली, पुन्हा ते एक वाक्य बोलले. आणि पुन्हा चिठ्ठीची वाट बघणं सुरू झालं.

*

मधल्या काळात गाव नव्या जागी वसलं होतं. सारीपाटासारखे सरळ रस्ते, सगळी घरं सारखी, कुणाचं कुठलं ते ओळखू येईना. शिवप्पा तिथं बैल घेऊन राहिला, मधूनमधून सोलापूरच्या बाजाराला जायचा. मल्लम्मा लातूरला आली. पोरगी कधी माग काढत आली तर ती नव्या गावात कुणाला विचारणार? जुनं गाव तर राहिलंच नव्हतं. आली तर लातूरच्या बसस्टँडवरच उतरेल, असा तिचा हिशेब. शिवप्पानं अडवलं नाही. दर आठवड्याला ज्वारी, डाळ घेऊन तो यायचा, ओट्यावर टेकायचा, शेताचं चार शब्द बोलायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा.

लातूर तेव्हा बदलू लागलं होतं. बारावीच्या निकालात लातूरची नावं झळकायला लागली आणि साऱ्या मराठवाड्यातून पोरं यायला लागली. क्लासच्या पाट्यांनी गल्ल्या भरल्या, लोकांनी घरावर मजले चढवून खोल्या काढल्या. मल्लम्मानं बसस्टँडच्या मागं दोन खोल्या घेऊन मेस सुरू केली. फक्त मुलींची. लोक म्हणाले, पोरांचीही घे, पोरं जास्त खातात पण टिकून राहतात. ती म्हणाली, नको.

कारण तिनं कुणाला सांगितलं नाही. दर जूनमध्ये नव्या मुली यायच्या, उदगीरच्या, परभणीच्या, देगलूरच्या, किनवटच्या. दप्तर ठेवून ताटापुढं बसायच्या, आणि वाढता वाढता मल्लम्मा एकेकीचा चेहरा बघून घ्यायची. सुरुवातीच्या वर्षांत या मुली नीलापेक्षा खूप मोठ्या असायच्या. तेव्हा ती नुसती शिकून घ्यायची, सोळा-सतरा वर्षांची पोर कशी बसते, कशी हसते, आईची आठवण आली की कशी जेवण टाकते. मग वर्षं सरत गेली, नीला मनातल्या मनात वाढत त्यांच्या जवळ येत गेली. एका जूनला मल्लम्माच्या लक्षात आलं, की आता ताटावर बसणाऱ्या मुली नीलाच्याच वयाच्या आहेत.

त्या वर्षी कंधारची अक्षरा आली. सावळी, हाडापेरानं बारीक, डॉक्टर व्हायचं म्हणून अकरावीला आलेली. कपाळावर बटा ओढून घ्यायची सवय. तिच्या ताटात भाकरी आधी पडे, पिठलं जास्त पडे. एक दिवस पाणी ठेवायला वाकलेल्या मल्लम्माचा हात आपोआप पुढं गेला आणि तिनं अक्षराच्या कपाळावरच्या बटा बाजूला केल्या.

अक्षरा झटकन मागं सरली. "मावशी, काय करताय?"

बाकीच्या मुली जेवायच्या थांबल्या. कपाळ कोरं होतं.

"काय न्हाई," मल्लम्मा म्हणाली आणि आत निघून गेली.

जेवणं उरकल्यावर अक्षरा ताट घेऊन मोरीपाशी आली. "तुम्ही माझ्याकडं रोज असं का बघता? मला कसंतरी होतं. माझी आई आहे कंधारला. मी तिच्यासारखीच दिसते, सगळे म्हणतात."

मल्लम्माला शरमल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या लेकीवर आपण डोळा ठेवला, असं तिला वाटलं. ओला हात पदराला पुसत तिनं मुलीला सगळं सांगितलं. जीपचं, भुवईवरच्या खोकेचं, आणि दिल्लीतल्या चिठ्ठ्यांचंही. अक्षरा ऐकून घेऊन गेली आणि चार-सहा दिवस काही बोलली नाही. मग एकदा जेवताना तिनंच विचारलं, "मावशी, तुमची नीला मला कुठं भेटली, तर मी तिला काय सांगू?"

असं आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मल्लम्मानं हातातला डाव पातेल्यात ठेवला.

"सांग, अव्वा लातूरला हाय. बसस्टँडच्या मागं."

मुलींनी ते लक्षात ठेवलं. बारावी झाली की त्या पुण्याला, मुंबईला, औरंगाबादला कॉलेजांत जायच्या, आणि जाताना त्यातली एखादी तरी म्हणायची, "मावशी, लक्ष ठेवीन."

*

दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर फोन वाजला. या वेळी इंदूबाई नव्हत्या, दत्तोपंत स्वतः होते.

"मल्लम्मा, चिठ्ठी निघाली."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. डिसेंबरातला शुक्रवार आणि यादीत दुसरा नंबर. आधीचं विधेयक वेळेत संपलं तर त्याच दिवशी चर्चा होईल. "तुम्हाला यायचंय का? मी गॅलरीचा पास काढतो."

मल्लम्मानं आठवड्याचा स्वैपाक मावसबहिणीवर सोपवला. शिवप्पाला तिनं नुसतं कळवलं होतं. पण ती निघायच्या दिवशी तो धुतलेलं धोतर नेसून, रुमाल बांधून लातूरला हजर. बैल पुतण्याकडं बांधून आला होता.

"तुमी कशाला?" तिनं विचारलं.

"एकटी कुटं जातीस दिल्लीला," तो म्हणाला.

नांदेडला गाडीला अवकाश होता, म्हणून दोघं गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जेवली आणि दुपारी अमृतसरच्या गाडीत बसली. सबंध वाटेत शिवप्पा खिडकीतून पिकं बघत होता. हरभरा कुठं बरा आहे, गहू कुठं लागला आहे, एवढंच बोलत होता.

गुरुवारी संध्याकाळी दत्तोपंतांच्या दिल्लीतल्या घरी जेवताना त्यांनी विषय काढला. हे सांगायलाच त्यांनी दोघांना आदल्या दिवशी बोलावलं होतं.

"उद्या काय होईल ते आताच सांगतो. मी बोलेन, चार-पाच सदस्य बोलतील, चांगलं बोलतील. मग मंत्री उत्तर देतील. ते म्हणतील, हेतू चांगला आहे, सरकार यावर विचार करत आहे, तरी सदस्यांनी विधेयक मागं घ्यावं. आमची विधेयकं पास होत नाहीत, बाई. पस्तीस वर्षांत एकही झालेलं नाही. मागं नाही घेतलं तर मताला टाकतील, आणि ते पडेल."

मल्लम्माचा घास हातातच राहिला. "मंग इतकी वर्सं आपन कशाला उभं होतो?"

"बोलण्यासाठी," दत्तोपंत म्हणाले. "तिथं बोललेलं राहतं. आणि मंत्र्यानं दिलेला शब्दही राहतो."

"पडू द्या," मल्लम्मा म्हणाली. "मागं घेऊ नका. ज्याला न्हाई म्हनायचंय त्यानं तोंडानं न्हाई म्हनावं. बारा वर्सं झाली, मला कुणी न्हाई बी म्हनलं न्हाई."

दत्तोपंतांनी मान खाली घातली. "बघू," ते म्हणाले.

*

सभागृह तिला वाटलं होतं त्याहून लहान निघालं, आणि बरंचसं रिकामं. शुक्रवारी दुपारीच लोक आपापल्या गावाला निघतात, हे दत्तोपंतांनी आधी सांगून ठेवलं होतं, तरी एवढ्या बाकांमधून इतकी थोडी माणसं बघून तिचा जीव बारीक झाला. गॅलरीत पुढं झुकायचं नाही, बोलायचं नाही. शिवप्पा सारखा कठड्याकडं झुके आणि रखवालदार त्याच्या खांद्याला हात लावून त्याला मागं बसवी.

आधीचं विधेयक नद्यांबद्दल होतं. ते लांबतच गेलं. मल्लम्मा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. शेवटी त्या सदस्यांनी आपलं विधेयक मागं घेतलं, आणि सभापतींच्या जागेवरून दत्तोपंतांचं नाव पुकारलं गेलं.

आधी सांगून ठेवून त्यांनी मराठीत बोलायची सोय करून घेतली होती. बाकीच्यांनी कानाला यंत्रं लावली. दत्तोपंत कोर्टात बोलावं तसं सावकाश बोलले. भूकंपाचं, पुराचं, चक्रीवादळांचं, आदल्या वर्षीच्या त्सुनामीचं. लेकरू आईपासून सुटतं ते संकटात, पण हरवतं ते मदतीच्या गडबडीत, असं ते म्हणाले. देवणीच्या बाजारातल्या दाखल्याची गोष्ट त्यांनी सांगितली, तेव्हा एक-दोघं हसले आणि लगेच गंभीर झाले. मग चष्मा सारखा करून ते म्हणाले, "या मुलीचं नाव नीलगंगा शिवप्पा हत्तरगे. वय तेव्हा चार वर्षं. उजव्या भुवईच्या वर जखम. तिला अव्वा म्हणून हाक मारता येत होती. तिचा एकही फोटो शिल्लक नाही. महोदय, या देशात तिची आहे ती एवढीच नोंद, जी मी आत्ता तोंडानं करतो आहे."

शेजारी शिवप्पानं रुमाल काढून तोंडाशी धरला. मल्लम्माला वाटलं त्याला खोकला आला.

बाकीचे बोलले. ओडिशाच्या एक बाई फार पोटतिडकीनं बोलल्या. मग मंत्री उठले. त्यांचं हिंदी मल्लम्माला बरंचसं कळत होतं. माणूस वाईट वाटला नाही. अगदी दत्तोपंतांनी सांगितलं होतं तसंच तो बोलला. भावना समजते, राज्यांना सूचना पाठवू, कायदा मात्र आत्ताच नको, आदरणीय सदस्यांनी मागं घ्यावं.

दत्तोपंत उभे राहिले. मागं घेता का, असं सभापतींनी त्यांना विचारलं. त्यांनी वर गॅलरीकडं बघितलं नाही. हातातले कागद एकावर एक जुळवले आणि ते म्हणाले, मंत्र्यांनी दिलेल्या आश्वासनावर विसंबून मी हे विधेयक मागं घेण्याची परवानगी मागतो. सभागृह 'हो' म्हणालं. अकरा वर्षांपूर्वी मांडतानाही असंच 'हो' म्हणालं होतं, हे दत्तोपंतांनीच तिला तेव्हा सांगितलं होतं.

बाहेर आल्यावर ती तिघं गाडीसाठी थंडीत उभे होते. मल्लम्मानं शाल घट्ट गुंडाळून घेतली होती.

"रागावलात," दत्तोपंत म्हणाले.

"हाव."

"पडलं असतं तर या सभागृहाला हे नको आहे, असं कायमचं लिहिलं गेलं असतं, बाई. दिलेला शब्द मागायला मला उद्या पुन्हा जाता येईल. 'नाही'च्या दारात पुन्हा कसं जाणार?"

"तुमी वकील हाव. तुमचं बराबर असंल," ती म्हणाली. "पन मी रिकामीच चालले ना."

गाडी आली, तेव्हा त्यांनी तिच्यासाठी दार उघडून धरलं. पण त्यांच्या घरून निघताना मल्लम्मानं वाकून त्यांना नमस्कार केला, आणि तो खोटा नव्हता.

परतीच्या गाडीत, भोपाळ मागं पडल्यावर, शिवप्पा खिडकीकडं तोंड करून म्हणाला, "नीलगंगा शिवप्पा हत्तरगे."

मल्लम्मानं त्याच्याकडं बघितलं. बारा वर्षांत ते नाव त्याच्या तोंडून आलं नव्हतं.

"माजं नाव बी घेतलं त्यानं," शिवप्पा म्हणाला. "बाप म्हनून."

"घेतलं की."

"तू म्हनतीस मी सोडली पोरीला." तो अजून बाहेरच बघत होता. "मी सोलापूरच्या बाजाराला कशाला जातो? तितं काय आपले बैल इकतेत? पोरं-पोरी शिकायला जातेत त्या रस्त्याला उभा राहतो. चार वाजंपर्यंत. मंग येतो माघारी."

"मला बोलला न्हाईत."

"काय बोलू? तुला वाटलं असतं, ह्याला बी आस हाय, म्हंजे पोरगी खरंच हाय. आन् मंग ती नसली तर?"

मल्लम्मानं डब्यातली भाकरी काढली, मोडली आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवली. दोघांनीही ती बराच वेळ खाल्ली नाही.

*

पुढच्या उन्हाळ्यात दत्तोपंतांची मुदत संपली आणि या वेळी पक्षानं दुसऱ्याला पाठवलं. त्या शब्दाचा पाठपुरावा ते नांदेडहून पत्रं लिहून करत राहिले. काही सूचना राज्यांना गेल्या, असं त्यांनी मल्लम्माला कळवलं. त्या कुठवर पोचल्या ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं. गोदावरीला मोठा पूर आला तेव्हा इंदूबाईंनी फोनवर सांगितलं, की इथल्या शाळेत लोकांना ठेवलंय आणि एक बाई दारात बसून लेकरांची नावं लिहून घेतेय. कुणाच्या सांगण्यावरून ते त्यांनी विचारलं नाही. मल्लम्मानंही विचारलं नाही. "लिवून घेतेय ना," एवढंच म्हणाली.

शिवप्पानं शेत पुतण्याला बटईनं दिलं आणि तो लातूरला राहायला आला. कांदे चिरायचा, पाणी भरायचा, मुलींना 'ताई' म्हणायचा. अक्षराला मेडिकलला नंबर लागला आणि ती औरंगाबादला गेली. जूनमध्ये पुन्हा नव्या मुली आल्या, दप्तरं कोपऱ्यात ठेवून ताटांपुढं बसल्या. मल्लम्मानं वाढता वाढता सवयीनं चेहरे बघितले आणि मध्येच तिचा हात थांबला. या मुली आता लहान होत्या. नीलाची बारावी होऊन गेली असणार. ती या ताटावर आता कधी बसणार नव्हती.

दुपारी मुली क्लासला गेल्यावर तिनं हे शिवप्पाला सांगितलं. तो तांदूळ निवडत होता.

"मंग आता कुटं बघावं?" तिनं विचारलं.

शिवप्पानं विचार केला. "नर्सा असतेत की दवाखान्यात. त्या बी ह्याच वयाच्या. आन् मास्तरणी व्हायला शिकतेत त्या."

"उंच झाली असंल का वो?"

"तुज्यावर गेली तर न्हाई."

"माज्या माहेरी समदे उंच हायेत."

"तुजा भाऊ तेवढा उंच हाय," शिवप्पा म्हणाला. "बाकीचे माज्या खांद्याला."

"मंग भावावर गेली असंल," मल्लम्मा म्हणाली, आणि तिनं त्याच्या पुढ्यातलं सूप आपल्याकडं ओढून घेतलं. तांदळात खडे राहिले होते.